टॅबलेट तांदळात

मोहाडीच्या अंगणवाडीत
ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत टॅबलेट आला.
त्यातलं अस्वल विसापर्यंत आकडे म्हणतं,
हातावर हात घासतं,
आणि हिरवे, दातवाले जंतू किंचाळत पळतात.
पोरं टाळ्या पिटतात, कोरड्या हातांनी.

दुर्वा पगारे, वय साडेचार,
तिला एक जंतू पळताना दिसला नाही.
काचेच्या कोपऱ्यात अडकला होता म्हणे.
मी खिचडी वाढत होते, तोवर
तिनं साबण घेतला, तांब्या घेतला
आणि अस्वलाला न्हाऊ घातलं.

आता टॅबलेट तांदळाच्या डब्यात झोपलाय.
तीन दिवस काढू नका,
मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं बजावलंय.
सुपरवायझर बाईंना काय सांगू?
रजिस्टरात लिहू, धडा पोचला?
की नुसतं, उपकरण बंद?

संध्याकाळी पगाऱ्यांच्या दारावरून आले.
तिचा बाप फवारणी करून आलेला,
मोरचुदानं नखांपर्यंत निळा,
भाकरीला हात घालणार
एवढ्यात ही आडवी उभी. "थांब."
नळ कोरडा. पिंपातलं पाणी ओतलं.
अस्वलाला निळ्याचं काही माहीत नाही,
त्याचे जंतू सगळे हिरवे.
पण मोजत होती त्याच्याच घोगऱ्या आवाजात,
बारानंतर तिला एकदम सतरा येतात,
आणि विसावर बाप हात झटकून उठायला लागला.

तिनं त्याची बोटं धरली,
एकेक नख उजेडात नेलं,
मान हलवली.
पुन्हा एकपासून.

मी चप्पल घालून तिथंच उभी,
माझ्याही नकळत मोजत.