उर्वरित क्लोरिन

दिवसभर मी टाकीवर असतो.
शहराच्या पाण्यात क्लोरिन सोडतो,
नळाखाली नळी धरतो, दोन थेंब टाकतो,
पिवळं झालं की रजिस्टरात लिहितो: ०.२.
नर्मदा निमाडातून घाट चढून इंदूरला येते
आणि माझ्या सहीशिवाय सुदामा नगरात उतरत नाही,
असं मी हिला सांगतो.
ही म्हणते, आधी मोरीतला नळ गळतोय तो बघा.

वरच्या खोलीतला बिसेन, बालाघाटचा,
तीनदा पटवारीच्या परीक्षेला बसला
आणि एका सकाळी गादी गुंडाळून निघाला.
काचेची पेटी जिन्यात ठेवून म्हणाला,
'सर, दो दिन सम्हाल लेना.'
पंचवीस लिटर पाणी, सहा मासे.
ते दोन दिवस अजून चालू आहेत.

पहिल्याच रविवारी मी फिल्टरचा स्पंज काढला.
काळपट, बुळबुळीत. माझ्या पेशाला शोभेना.
नळाखाली धरून चोळला, पिळला,
नव्यासारखा करून परत बसवला.
पाणी असं झालं की पेटी रिकामी वाटावी.
बुधवारपर्यंत तीन मासे उताणे.

छावणीतल्या दुकानात नासिरभाईंनी ऐकून घेतलं,
मग म्हणाले, 'भिया, आपने मैल नहीं धोया,
पूरी बस्ती धो डाली.'
त्या बुळबुळीतच राहत होते ते,
माशांची घाण खाऊन पाणी राखणारे.
एकोणतीस वर्षं जंतू मारायचा पगार घेतोय मी.
काही बोललो नाही.

त्यांनी फळीवरून एकेक पुडा काढला.
माझ्या फिल्टरचा कप्पा पानाच्या डब्याएवढा,
कात ठेवावा तर सुपारीला जागा नाही.
कोळसा रंग ओढतो, वास ओढतो,
पण औषध टाकलं तर तेही पिऊन बसतो. परत ठेवला.
झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो,
आणि पाण्यात मीठ पडलं की
धरलेलं सगळं एकदम ओकतो.
मला आमचे धाकटे काका आठवले. तोही ठेवला.
सिरॅमिकच्या रिंगा घेतल्या, मूठभर.
बांगड्यांच्या तुकड्यांसारख्या, आतून पोकळ.
'इनमें रहेंगे,' नासिरभाई म्हणाले. 'डेढ़ महीना दो.'

क्लोरिन मारायची बाटली दोनशे दहा रुपयांची.
घरी ही म्हणाली, थांबा,
आणि माळ्यावरून बरणी उतरवली.
हिच्या भावाचा जेल रोडवर स्टुडिओ होता,
बरणीवर अजून त्याचं तिरकं अक्षर: हायपो.
ज्यात आमच्या लग्नाचे फोटो पक्के झाले
तेच खडे. चिमूटभर बादलीत पुरतात.
त्या फोटोंत मी डोळे मिटलेले आहेत, सगळ्यांत.

आता रोज संध्याकाळी
बादली भरतो, चिमूट टाकतो, ढवळतो,
आणि कामावरची थेंबांची बाटली काढतो.
दिवसभर ज्या पिवळ्याची वाट बघितली
तो घरी दिसू नये म्हणून नळी उजेडात धरतो.
स्पंज पेटीतल्याच पाण्यात हलके दाबतो,
दोनदा. तिसऱ्यांदा हात शिवशिवतो, आवरतो.
ते तपकिरी पाणी कढीपत्त्याला.
रिंगांवर काही दिसत नाही.
ही सकाळी उठून आधी मासे मोजते,
तीन, म्हणते, आणि मग चहा ठेवते.

गेल्या मंगळवारी टाकीवर
नळी चांगली पिवळी असताना
हात आपोआप शून्य लिहून गेला.
अर्ध्या तासात सहायक अभियंत्यांचा फोन.
'शून्य? गोडबोले, शून्य म्हणजे काय?'
साहेब, चुकून, म्हणालो,
खोडलं, ०.२ केलं, बाजूला सही केली.

संध्याकाळी बादलीत थेंब टाकले.
पाणी पाण्यासारखंच राहिलं.
'शून्य,' मी मोठ्यानं म्हणालो.
आतून ही म्हणाली, 'मग ओता की.'