दीड इंच माया

जानेवारीत, दुकानाचं शटर अर्धंच वर करून,
मी खडूने कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला लिहिलं:
दुसरं ओव्हरलॉक. सहा महिन्यांचं भाडं बाजूला.
रविवार बंद.
सकाळचे आठ वाजले होते, तरी रॉकिंगहॅम रोडवर दिवे जळत होते.

केटरिंग हे बुटांचं गाव.
जुन्या कारखान्यांत आता फ्लॅट झालेत,
आणि त्यांच्या खिडक्या इतक्या उंच
की तयार पडदे पुरत नाहीत, शिवून घ्यावे लागतात.
तेवढ्यावर मी वर्षाचा हिशेब मांडला होता.

दार उघडायचं, कोट टांगायचा, दार लावायचं.
कोट लिहिलेल्यावर घासत राहिले.
मार्चपर्यंत 'दुसरं' एवढंच उरलं.
दुसरं काय, ते मिस्टर ऑलिफंट यांच्या काळ्या ओव्हरकोटाच्या
पाठीवर गेलं होतं.
ब्रशने झटकून मी तो त्यांना परत दिला
आणि अस्तराचे बावीस पौंड घेतले.

एप्रिलमध्ये गोदामाचा माणूस आला.
दोनशे चाळीस पिवळी जाकिटं, प्रत्येकाच्या पाठीवर बिल्ला,
शुक्रवारपर्यंत.
हो म्हटलं. नाही कोण म्हणेल?
शुक्रवार, मग पुढचा शुक्रवार, मग रविवार,
मशीनला तेल, मला चहा.
डेनिसचे पडदे पिशवीतच राहिले.
ती रागावली नाही. पिशवी उचलून घेऊन गेली, एवढंच.
बिलाचे पैसे साठ दिवसांनी आले.
तोवर भाड्यासाठी बाजूला काढलेल्यातून
भाडंच दिलं होतं.

इस्लामपूरला हेंद्रे मास्तरांकडे
बारावीनंतर मी काजं करायला बसले.
त्यांच्या टेपचा पहिला इंच झिजून गेलेला.
एकापासून धरायचे, शेवटी एक वजा करायचे,
कधी चुकले नाहीत.
नवी टेप का घेत नाही म्हटलं तर चष्म्यावरून बघायचे:
"वजाबाकी येते ना तुला?"

कापड कापताना मात्र त्यांचा एकच धोशा.
माया सोड गं, माया सोड. दीड इंच.
माणूस सुटतो, वाळतो, पोर हातभर उंच होतं.
मायेशिवाय शिवलेलं
फक्त माप घेतल्या दिवशी बसतं.

मी ते अख्खं वर्ष मायेशिवाय बेतलं होतं,
अगदी शिवणीच्या रेघेवर.
तापाच्या चार दिवसांना जागा नाही,
उशिरा येणाऱ्या पैशांना नाही,
डेनिसला तर नाहीच.
लोक परदेशी जातात ते माया जमवायला, असं आमच्याकडे म्हणतात.
मला सोडायला शिकवलं होतं. मी विसरले.

सप्टेंबर. शाळेच्या ब्लेझरांचा ढीग.
हॉस्पिटलच्या गणवेशातच आलेली एक बाई, सोबत मुलगा,
बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली.
"वाढेल तो," ती म्हणाली. "कापू नका."
कापत नाही, दुमडते, असं मी म्हटलं खरं,
पण ओठांत टाचण्या होत्या,
तिला ते कळलं की नाही कोण जाणे.

संध्याकाळी कपाट रिकामं केलं, दार ओल्या फडक्याने पुसलं
आणि या वेळी वर लिहिलं, स्टुलावर चढून,
जिथे कोटाचे खांदे पोचत नाहीत.
ओव्हरलॉक, पण जुनं चालेल. जमेल तेव्हा.
'जमेल तेव्हा' खोडलं. नाताळ.
गोदामाची जाकिटं महिन्याला साठ, निम्मे पैसे आधी.
रविवार बंद, हे दोनदा.
भाड्याचं लिहिताना खडू मोडला, तर ते अर्धंच राहिलंय.

डेनिसला फोन केला. तिने उचलला नाही.
निरोप ठेवला: पडदे कुठवर आले, विचारायला केला होता.

दुकान वाढेल, कापू नका,
असं सांगायला माझ्या शेजारी कुणी उभं नाही.
तरी काठ आत दुमडून ठेवलाय,
कच्च्या टाक्यांनी,
उसवता येईल असा.