मापाची वही

घोरपडे वहिनी : छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही साडेनऊ.
त्याच्याखाली, त्याच पेन्सिलीनं,
खारीक : छाती एकेचाळीस, पोट पन्नास.

धाकट्या दिरानं, आप्पालालनं, तिला अकलूजच्या बाजारातून आणलं
तेव्हा टेम्पोतून ती उतरली नाही, सांडली.
चौदा महिन्यांची. बरगड्या लांबूनच मोजाव्यात
आणि खाली पोट, भरल्या घागरीसारखं.
‘खातीपिती दिसती की,’ शेजारीण म्हणाली.
अंगावरचे केस उसवल्या घोंगडीचे,
शेपूट घासून घासून खराटा झालेलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम.
वजन कसं वाढवायचं
ते इथं शेंबडं पोरही सांगतं.
हिंदुराव वस्तादांनी बदाम पाठवले,
गंगावेशेतनं कुणी धारोष्ण दुधाचा तांब्या घेऊन आलं,
गुऱ्हाळावरनं काकवीचा डबा.
खारकेनं दुधाचा वास घेतला आणि तांब्या लवंडला.
बाकी सगळं खाल्लं.
खात राहिली.
वाळत राहिली.

मग मी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डबीत तिची लीद भरून
नेर्लेकर डॉक्टरीणबाईंकडे नेली, बसमधनं, मांडीवर धरून.
बाई बराच वेळ काचेत बघत बसल्या.
‘पंगत बसलीय हिच्या पोटात,’ म्हणाल्या,
‘तुम्ही वाढताय नुसतं. उठवणार कोण?’
आप्पालाल म्हणाला, आजच्या आज मारा सगळे.
‘एकदम नको. इतके एकदम मेले
तर आतडं गच्च होईल, पोर हातची जाईल.
आधी सौम्य. मग थांबायचं. मग पुन्हा.
आणि औषध वजनावर. वजन किती?’
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
मी पर्समधनं टेप काढली.

आठ दिवस रिकाम्या पिचकारीतनं गुळवणी पाजली,
नवव्या दिवशी तीत औषध होतं.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
की मी उगाच पदर सारखा केला.
तिसऱ्या दिवशी लिदीत पांढऱ्या शेवया.
काही हलत होत्या.
आप्पालाल त्या रात्री जेवला नाही.

मग कामच ते. सकाळ-संध्याकाळ लीद उचलायची,
गवतावर पडू द्यायची नाही.
भिजवलेलं जव, कोंडा, लसूणघास, चिमूट मीठ,
थोडं थोडं, दिवसातनं पाच वेळा,
मशीनवरनं उठून, पायात दोऱ्याचे तुकडे घेऊन.
बदाम पोरांनी संपवले.

तीन आठवड्यांनी : छाती एकेचाळीस, पोट सत्तेचाळीस.
वही मी कापडाच्या ताग्याखाली सारली.
‘वैनी, टेप चुकली असंल.’
माझी टेप चुकत नाही रे.
सव्वीस वर्षांत एकच ब्लाऊज परत आलाय
आणि त्या बाईला सातवा लागलेला होता.
डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या :
‘जे गेलं ते तिचं नव्हतंच.
छाती बघा. पोट नका बघू.’

आजवर मी कपडा आत घेतला, नाहीतर सोडला.
एकाच अंगाला इथं टीप आणि तिथं उसवण,
हे काम पहिल्यांदाच.

दिवाळीचे ब्लाऊज आले, दोन मापं राहून गेली.
दुसरी पिचकारीही झाली मधे.
भाऊबीजेच्या आदल्या रात्री, डोळ्यांत काजळासारखी झोप,
मी टेप खांद्यावर तशीच ठेवून तिला पाणी द्यायला गेले
तर तिची पाठ दिव्याखाली चमकली.
ओल्या चिंचोक्यासारखी.
हात फिरवला. बरगड्या होत्या,
पण शोधाव्या लागल्या.

छाती चव्वेचाळीस, वर दोन दोरे.
लिहायला वळले तेवढ्यात
टेपचं टोक तिनं चावून गिळलं.
पुढचे दोन दिवस लीद काडीनं उकरून बघितली :
टेपचा तुकडा निघाला, त्यावर एकचा आकडा स्पष्ट.
शेवया नाहीत.

नवी टेप महाद्वार रोडवर वीस रुपयांना मिळते.
आणली नाही अजून.
कुणाचंही माप घेतलं की दोन इंच वजा करते.
तिच्या मापातनं वजा करायला मात्र
जीव होत नाही.