हिरवा, निळा, डांबर

भरमाणी हवालदार पलटणीतून सुटून आला
तेव्हा त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती.
उरलेली दोन गुलमर्गच्या वर कुठंतरी
बर्फाला दिलीत, म्हणायचा,
शेजाऱ्याला पायली दिल्यासारखं.

दिवाळी उलटली की बेळगुंदीचा आमचा माळ
आधी पिवळा पडतो, मग पांढुरका.
गवत असं निसरडं की शेळीसुद्धा विचार करते.
आम्ही पोरं सुपारीच्या पोयीवर बसून
डोळे मिटायचो आणि सोडून द्यायचो.
कुसळं महिनाभर निघायची अंगातून.

बांधावर बसून त्यानं बघितलं सगळं,
विडी विझेपर्यंत.
"असं न्हवं गा," म्हणाला,
"डोंगरालाबी इयत्ता असत्यात."

बेंदराला शिंगं रंगवून उरलेला हिरवा,
शांतव्वाच्या न्हाणीतली नीळ,
आणि जांबोटी रस्त्याच्या कामावरून डबाभर डांबर.
दगडांना तो बोटानं रंग लावत चालला.
पाटी का नाही लिहीत, मी विचारलं.
"कुठल्या अक्षरात लिवू?
तुमच्या शाळंतली एक वाचतील, पल्याडच्या शाळंतली दुसरं.
रात्रीत कोणतरी येऊन डांबर फासून जाईल.
त्यापेक्षा आपणच फासू की."

हिरवा म्हणजे आंब्याखालचा उतार,
जेवण झालेल्या माणसासारखा सावकाश.
निळ्याला मध्ये वारूळ, डावीकडून टाळायचं,
टाळताना वारुळाकडं बघायचं नाही;
बघाल तिकडं पाय जातात.
आणि डांबर. वरच्या कातळापासून थेट ओढा,
करवंदीच्या जाळ्या, उघडा जांभा,
आणि थांबायला जागाच नाही.

बुरुडाकडून त्यानं बांबूच्या चिरफळ्या आणल्या,
निखाऱ्यावर टोकं वाकवली,
तळाला मेणबत्ती चोळली, वर ट्यूबचे पट्टे.
आणि पहिला महिना फक्त पडायला शिकवलं.
कुशीवर पडा. हात आत. लाजू नका.
"उतरायला काय, धोंडाबी उतरतो.
थांबून दाखवा."
अंगठे आत, टाचा बाहेर, नांगराच्या फाळासारखे पाय.
गजबर संक्रांतीला निळ्यावर गेला.
सातेरी वारुळात गेला.
मी हिरव्यावरच, फेब्रुवारीपर्यंत.

डांबराला कुणीच पास झालं नाही.
हवालदार स्वतः रोज संध्याकाळी
त्या दगडापाशी जाऊन उभा राहायचा,
खाली बघायचा,
तीन बोटांचा पाय पुढं टाकायचा, मागं घ्यायचा,
आणि पाऊलवाटेनं परत.
आम्ही बघितलं नाही असं दाखवायचो.

एका संध्याकाळी तो तसाच उभा असताना
वरून माझी आई आली.
डोक्यावर गवताचा भारा, तिच्याहून उंच,
कंबरेला विळा, पाय अनवाणी.
थांबली नाही. दगडाला टेकून भारा सावरला
आणि सरळ खाली,
टाचा रोवत, गुडघे सैल,
करवंदीला उजवीकडून, जांभ्यावर दोन पावलं आडवी,
ओढ्याच्या काठावर येऊन उभी,
जशी रोज उभी राहत असणार
मी शाळेत असताना.

आम्ही सगळे गप्प.
हवालदाराचा हात कपाळापर्यंत गेला असावा,
उन्हासाठी की कशासाठी, ते लांबून कळलं नाही.
आई खालूनच ओरडली,
"भरमाण्या! धोंड्याला डांबर कुणी फासलं रे?
नवी साडी होती माझी!"

रॉकेलनं निघालं नाही ते. लिंबानं नाही.
दुसऱ्या दिवशी तो चाळीस रुपये घेऊन आला,
आईनं घेतले नाहीत,
चहा दिला, वर चार शब्द दिले.
डांबर त्या दगडावर तसंच ठेवलं त्यानं.
फक्त शेजारी पायवाटेच्या मानाचा
एक सपाट धोंडा लोटून आणला,
भारा टेकवायला. स्वच्छ.

साडी फाटली तेव्हा वाकळीत गेली.
थंडीत अजून ती मी पांघरते,
आणि झोपेत कधी कधी पाय पसरला
की अंगठ्याला लागतो
तेवढाच एक कडक ठिपका.