अंगठ्याएवढा

शारजात नाकात काडी घातली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं
आणि नर्स म्हणाली, झालं.
दीडशे दिरहॅम. कागद अर्धा इंग्रजी, अर्धा अरबी,
माझ्या आत काहीही सापडलं नाही, असा.

बहात्तर तास चालतो म्हणे हा कागद.
काडी घातल्यापासून, की रिपोर्ट हातात आल्यापासून,
यावर खोलीतले आठही जण रात्रभर भांडले.
शौकत म्हणाला, दुधाच्या पिशवीसारखं आहे रे,
नासायच्या आत घरी पोच.

लोहगावला उतरलो तेव्हा अडुसष्ट तास झाले होते.
काउंटरवरच्या मुलीने कागद पासपोर्टशेजारी धरला.
"यावर लिंबाजी नाही."
पासपोर्टवर खरात सुदाम लिंबाजी,
रिपोर्टवर नुसताच सुदाम खरात.
म्हटलं, ताई, लिंबाजी म्हणजे वडील. ते दोन वर्षांमागे गेले.
मला तेव्हा सुट्टी मिळाली नव्हती.
तिच्या तोंडापुढे प्लास्टिकची काच, काचेत माझंच तोंड.
म्हणाली, तरी पण लागतात.

मग पुन्हा काडी, या वेळी डाव्या नाकपुडीत,
हातावर शिक्का, मतदानाच्या शाईहून पक्का,
आणि सात दिवस हॉटेल. पैसे आपले.
यादीतलं सगळ्यात स्वस्त मागितलं,
तर बस वळली ती आमच्याच घराच्या दिशेने.

खरंच. विमानतळ रस्ता, चौथा मजला.
खिडकी उघडत नाही, पडदा सरकतो.
खाली नागपूर चाळ.
पत्रे, पत्रे, पाण्याची काळी टाकी,
मग निळी ताडपत्री आणि तिच्यावर दोन टायर,
मीच चढून ठेवलेले, मागच्या खेपेला,
प्रचिती दोन वर्षांची होती तेव्हा.

वैजयंताला फोन लावला.
कुठं पोचलात?
टाकीच्या वर बघ. अजून वर. हॉटेलकडं.
ती पोरीला घेऊन शेखमास्तरांच्या गच्चीवर गेली
आणि उशीची खोळ हलवली.
दिसलात, दिसलात, म्हणाली. अंगठ्याएवढे.

सात मिनिटं चालत.
सात दिवस बसून.

मग रोज संध्याकाळी सातला
मी ट्यूब दोनदा बंद-चालू करायची,
खालून मोबाइलचा टॉर्च दोनदा.
प्रचिती एक डोळा मिटून अंगठा पुढे धरायची,
मी त्यात मावतो का ते बघायला.
मावायचो.

दाराबाहेर डबा ठेवून पोरगा पळायचा.
पाचव्या दिवशी पिठलं अळणी लागलं,
आणि पोटात गोळा आला, चवच गेली की काय.
तेवढ्यात शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप,
"अहो, तुमच्यात मीठ आहे का?"
इतकं गोड मला कुणी आजवर बोललं नव्हतं.

सहाव्या दिवशी काडी.
सातव्या दिवशी रिपोर्ट नाही, रविवार होता.
आठव्या दिवशी आला, निगेटिव्ह, या वेळी लिंबाजीसकट.
बॅग ओढत निघालो. नऊ मिनिटं लागली,
एक चाक मोडलं होतं.

प्रचिती दारात. मला बघून आईच्या मागे गेली.
"हे नाहीत. हे मोठे आहेत."
चॉकलेट घेतलं. थँक्यू काका, म्हणाली.

सात वाजले तशी मोबाइल घेऊन गच्चीवर पळाली.
मी मागोमाग, हातावर शिक्का अजून निळा.
चौथ्या मजल्यावर उजेड होता,
उजेडात कुणीतरी उभं.
तिने टॉर्च मारला, दोनदा. अंगठा धरला.
मी काही बोललो नाही.

बराच वेळ काही नाही.
मग वरचा उजेड गेला, आला.
लाइटच गेली असेल.

"आज बाबांनी एकदाच केलं," ती म्हणाली.

"दमले असतील," मी म्हटलं.