नखाएवढं पोलाद

तिसऱ्या सिरीजच्या सातव्या गोळीला
काडतूस बाहेर आलंच नाही.
बोल्ट मागे ओढला, रिकामाच आला,
कळशी आत सुटून नुसता दोर वर यावा तसा.
नळी पुसायच्या सळईनं ढकलून काढलं,
तोवर घड्याळ संपलं.
गुण विचारू नका.

सोमवारी कॅम्पात.
बोल्ट फडक्यात, लायसन पिशवीत सगळ्यात वर.
सुबराव मंडोळकर, पलटणीत चोवीस वर्षं आर्मरर,
उजवा कान तिथंच ठेवून आलेले.
डावा पुढे करून म्हणाले, "काय झालं गे?"
मग भिंग लावलं आणि बराच वेळ
काहीच बोलले नाहीत.
"नख झिजलंय. काडतुसाची कड धरायचं सोडलंय त्यानं.
आणि स्प्रिंग बघ, दाबली की विचार करूलालीय."

काचेवर तीन पुड्या.
पहिली सोनेरी मुलाम्याची, आरशासारखी.
"ही लग्नात घालायची."
दुसरी ह्याच जातीच्या, मोडीत निघालेल्या रायफलीची.
"ती कशानं गेली, मला ठाऊक नाही.
ठाऊक नसलेल्याचं नख घेऊ नये."
तिसरी मेणकागदात, राखेच्या रंगाची,
वर जर्मन अक्षरं, आम्हा दोघांनाही न येणारी.
किंमत मात्र दोघांनाही वाचता आली:
माझ्या अडीच महिन्यांच्या शिकवण्या.

मी म्हटलं, उद्यमबागेत इराप्पा हुदली आहे,
वडलांच्या शेजारच्या मशीनवर.
केसाच्या दहाव्या भागापर्यंत घासतो.
एका दिवसात करून देईल.

सुबराव हसले नाहीत.
"इराप्पाचा हात मी बघितलाय. हात सोन्याचा.
पण पोलाद कुठलं? त्याला पाणी कुणी दिलं?
जास्त कडक झालं तर थंडीत कटकन तुटतंय,
मऊ राहिलं तर महिन्यात वाकतंय.
आणि कागद? ह्याच्या मागं कागद लागतोय बाई,
उद्या कुणी विचारलं तर इराप्पाचं नाव सांगूलालीस काय?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक डबा काढला, बिस्किटांचा, गंजलेला.
आत मोडलेलं सगळं. चिमुकल्या आकड्या, आखडलेल्या स्प्रिंगा,
टोक उडालेल्या पिना. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
'रिकामा चाप ओढून ओढून.'
'तेल जास्त, त्यात धूळ.'
'बनावट. बाराशे गोळ्या.'
'मालक मेला. हिला काही झालं नव्हतं.'
राखेच्या रंगाची एकच सापडली,
चिठ्ठीवर तारीख माझ्या जन्माआधीची.

स्प्रिंगा त्यांनी गालाच्या हाडाला लावल्या,
अंगठ्याच्या नखानं छेडल्या, डोळे मिटून.
एक ठेवली. एक परत. एक परत.
पुन्हा पहिली.
"कान नसला तरी हाड ऐकतंय."

दुकानाची पाटी मी बाहेर उभी राहून बघितली.
वर कन्नड, खाली मराठी,
दोन्ही इतक्यांदा रंगवलेली
की अक्षरांना आता जाडी आली आहे.
आतल्या मायक्रोमीटरला दोन्ही येत नाहीत.
त्याला फक्त बसतं की नाही बसत, एवढंच येतं.

जॅकेटसाठी साठवलेले पैसे दिले.
जुनं जॅकेट कोपरावर फाटलंय, आई ठिगळ लावेल.
बिलावर त्यांनी नंबर लिहिला, तारीख,
आणि खाली तिरक्या अक्षरात:
'पाच हजार गोळ्यांनंतर दाखवणे. दिसायला बरं असलं तरी.'
माझं झिजलेलं नख दोऱ्यात ओवलं.
"काय लिहू?"
मी म्हटलं, लिहा, सातव्या गोळीला.
"ते तुझं झालं," म्हणाले. "ह्याचं काय?"
मोजून सांगितलं. बावीस हजारांच्या वर.
त्यांनी आकडा लिहिला
आणि मग, कुणाला तरी उठून जागा द्यावी तसं,
डब्यातलं इतर बाजूला सारून
ते मधोमध ठेवलं.

रविवारी रेंजवर ते आले, डाव्या बाजूला बसले.
मी बोल्ट ओढला.
पितळ उडून चटईच्या कडेला पडलं,
त्यांना ऐकू न येणाऱ्या आवाजात.
वाकून त्यांनी उचललं, भिंगाखाली कड फिरवली,
एकाच जागी, उथळ, स्वच्छ ओरखडा.
"हं," म्हणाले. "आता तू चूक कर,
तिला दोष देता येणार नाही."