मापाची वही

कॅम्पात फिश मार्केटच्या मागं माझं दुकान.
पाटी आधी मराठी होती, मग कानडी आली,
आता दोन्ही आहेत, खिळे तेच.
आत वह्या. पहिल्या वहीत पान अकरा:
जोतिबा भरमा हुंदरे, मुक्काम येळ्ळूर.
छाती चौतीस, कंबर सव्वीस, उंची लिहायची राहिली.
सेकंड लेफ्टनंट. खांद्यावर एकच चांदणी,
तीही वाकडी बसली म्हणून परत आलेला.
बाप रविवार पेठेत मिरचीची पोती वाहायचा.
तो दाराबाहेरच उभा, चपला हातात घेऊन.
आत या की, म्हटलं.
"नको. पोराच्या कापडाला तिखट लागंल."

नंतर तो माझ्यासमोर वाढला तो खांद्यांतच.
दोन चांदण्या. तीन. मधे लग्नाचा कोट, उधारीवर.
मग खांद्यावर सिंह बसले,
आणि सिंहाखाली चांदणी पुन्हा एकपासून.
फौजेचं हे मला आवडतं,
मोठं झालेल्यालाही परत एक मोजायला लावतात.
कर्नल झाला तेव्हा कॉलरला लाल पट्टी,
कंबर छत्तीस. मी बोललो नाही.
तोच म्हणाला, "मेसचं जेवण, पिसे."

मग तलवार आली, दंड आला,
कापड ड्रायव्हर आणू लागला,
माप चिठ्ठीवर, परक्या अक्षरात.
चिठ्ठ्या मी वहीत डकवल्या.
खळीला वाळवी लागली,
तिनं मेजर जनरलातला मेजर खाल्ला.

पेपरात फोटो यायचे. लोक छातीवरच्या फिती मोजायचे.
मला दिसायचं, उजवी बाही दोन सूत लांब आहे.
दिल्लीच्या शिंप्याचं काम.

गेल्या मार्गशीर्षात आला, चालत, माकडटोपी घालून.
खिशातनं कागदाची पुडी काढली.
मला वाटलं, कापडाचा नमुना.
नावाची पट्टी होती. हिरवी, एक कड जळालेली.
झंगरुचे.
उलटी केली. मागं दोन गाठी, शेजारी शेजारी.
शेवटाला दोन गाठी या कॅम्पात मीच मारतो.
"तुझीच न्हवं?"
माझीच.
सातेरी झंगरुचे, बेळगुंदीचा.
रजा संपवून जाताना रताळ्यांची पिशवी
मशीनवर ठेवून गेला होता, शिलाईच्या बदली.
माती न झाडलेली. गोड निघाली.

"मी कॅप्टन होतो. चौकीवर त्यालाच पुढं धाडलं.
दुसरा कोण पण चालला असता."
इतकंच. मग मशीनचं चाक
हातानं उगाच फिरवत बसला, सुई खाली-वर, रिकामी.
"म्हातारी आहे अजून. तीनदा गेलो
मोरीपर्यंत. गाडी वळवली."

म्हटलं, कोटाला आतनं शिवून देऊ का पट्टी?
कुणाला दिसणार नाही.
"नको. शर्ट शिव एक, साधा.
खांद्याला काही लावता येऊ नये असा.
माझ्याकडं तसला एक पण नाही, बघ की."

टेप लावली तसा तो ताठ झाला.
सैल सोडा साहेब, म्हटलं.
सोडतो म्हणाला. सुटेना.
तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळं आलं.
शेवटी अंदाजानं लिहिलं, अडतीस.
हुद्द्याच्या रकान्यात काय घालावं कळेना,
तिथं त्याच्या बापाचं नाव घातलं.

मंगळवारी नेला. राखाडी.
इथंच घालून बघितला, पैसे दिले, मी घेतले.
बेळगुंदीची बस आमच्या बोळातनं जात नाही,
त्यामुळं पुढचं मला ठाऊक नाही.
एवढंच बघितलं:
पुडी ठेवायला त्यानं छातीवर हात नेला
आणि तिथं खिसाच नव्हता.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी खिसा विसरलो.
थांबा, लावून देतो, म्हटलं.
"राहू दे," म्हणाला,
आणि पुडी हातात घेऊन
दाराबाहेर गेला.